नूंगार गोष्टी मुलांना सांगायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहता. मुलगी तिसरीत आहे आणि शाळेत तिला नूंगार, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी लोकांच्या भाषेतले, शब्द शिकवतात. एका नूंगार आजींनी वर्गात येऊन सांगितलेली गोष्ट ती आठवडाभर घरी सगळ्यांना सांगत होती. ते पाहून तुमच्या मनात आलं की मराठी मंडळातर्फे जवळच्या ग्रंथालयात ‘नूंगार गोष्टींची संध्याकाळ’ करावी. इंटरनेटवर सापडलेल्या पाच-सहा गोष्टी मराठीत आणाव्यात, मधूनमधून मूळ शब्द ठेवावेत आणि मुलांना सांगाव्यात. तुम्ही विचारलंत की अशानं त्या भाषेला मदत होते का, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी स्पेलिंगं दिसतात त्यातलं बरोबर कोणतं, आणि गोष्टींपेक्षा शब्दकोश किंवा ॲप जास्त उपयोगी नाही का.

मी भाषाशास्त्र शिकले आणि इथे आल्यापासून जुन्या टिपणांवर आणि ध्वनिमुद्रणांवर काम करते. संग्रहालयात, विद्यापीठात पडून राहिलेला मजकूर वाचून, तो ज्या घरांचा आहे त्या घरांपर्यंत नेणाऱ्या गटांना मदत करणं हे माझं काम. मी नूंगार नाही. त्यामुळे पुढे लिहिलेलं एका मदतनिसाच्या अनुभवातलं आहे. तुमच्या भागातले नूंगार वडीलधारे काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, माझं बाजूला ठेवा.

तुमची कल्पना मला मनापासून आवडली. पण कोणत्या गोष्टी निवडायच्या हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. गोष्ट कोणाची आहे आणि ती आधी कोणाच्या तोंडून ऐकली जायला हवी, हे आधी ठरतं. नूंगार भाषा पुन्हा उभी करण्याचं जे काम इथे खरोखर टिकलं, त्यात हा क्रम पाळलेला दिसतो. क्रम चुकला की चांगल्या मनानं केलेला कार्यक्रमसुद्धा त्या माणसांना दुखावून जातो.

असं का, हे कळायला थोडा इतिहास लागेल. नूंगार लोकांची भूमी म्हणजे पर्थसकट ऑस्ट्रेलियाचा सगळा नैऋत्य कोपरा, वर जुरियन बेच्या बाजूपासून खाली पूर्वेला एस्परन्सपर्यंत. त्यात चौदा गट मानले जातात. पर्थ हा वाजुक लोकांचा मुलूख, ऑल्बनी मिनांग लोकांचा. १८२६ मध्ये ऑल्बनीला आणि १८२९ मध्ये स्वान नदीकाठी ब्रिटिश वसाहत झाली. जमीन गेली, १८३४ मध्ये पिंजारात कत्तल झाली, रोगांनी माणसं गेली. भाषेचा कणा मोडला तो मात्र पुढच्या शतकातल्या कायद्यांनी. १९०५ च्या कायद्यानं आदिवासी मुलांचं कायदेशीर पालकत्व ‘चीफ प्रोटेक्टर’ या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं. आईबाप जिवंत असताना मुलं उचलून मूर रिव्हर, कॅरोलप अशा आदिवासींसाठीच्या सरकारी वसाहतींत नेली गेली. १९२७ ते १९५४ या काळात पर्थ शहराच्या मध्यभागी परवान्याशिवाय यायला आदिवासींना मनाई होती. आज आपण जिथे गाडी पार्क करून खरेदीला जातो, तोच हा भाग.

अशा काळात आईनं मुलाशी आपल्या भाषेत बोलायचं की नाही? अनेक घरांनी बोलणं थांबवलं, कारण भाषा कानावर पडली तर मूल जाईल अशी भीती होती. काहींनी ती चोरून जपली. स्वयंपाक करताना, शिकारीला जाताना, रात्री शेकोटीपाशी. त्यामुळे आज घराघरांत जे उरलंय ते विखुरलेलं आहे. एका आजींकडे पाच गाणी असतात, दुसऱ्यांकडे प्राण्यांची नावं आणि रागावण्याचे शब्द, तिसऱ्यांकडे एक अख्खी गोष्ट पण इंग्रजीत, मध्ये चार मूळ शब्द. हे तुकडे एकत्र आले तर भाषा पुन्हा जोडता येते. पण ते कोणी कोणासमोर बाहेर काढायचे हा विश्वासाचा मामला आहे. ज्यांच्या घरात हे घडलं ती माणसं अजून आपल्यात आहेत.

आता एक उदाहरण देते. ते नीट समजलं की तुमच्या कार्यक्रमाचा आराखडा आपोआप बदलेल.

१९३१ मध्ये गेरहार्ट लेव्ह्स नावाचा तरुण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ऑल्बनीच्या परिसरात राहिला आणि तिथल्या नूंगार माणसांनी सांगितलेल्या गोष्टी त्यानं ध्वनिलिपीत, शब्द न् शब्द उतरवून घेतल्या. पुढे त्यानं हा अभ्यास सोडला आणि टिपणं अमेरिकेत पडून राहिली. १९८० च्या दशकात ती कॅनबेराच्या संग्रहसंस्थेकडे आली. या टिपणांत एक गोष्ट अनमोल होती: प्रत्येक गोष्टीसोबत सांगणाऱ्याचं नाव होतं. त्यामुळे त्या माणसांची नातवंडं-पतवंडं शोधता आली. हा मजकूर कसा हाताळायचा, कोणाला विचारायचं, याचे नियम आधी त्या कुटुंबांशी बोलून ठरले. मग विर्लोमिन या नूंगार कुळाच्या ‘विर्लोमिन नूंगार भाषा आणि गोष्टी’ प्रकल्पात हे वंशज एकत्र बसले. कादंबरीकार किम स्कॉट हे याच लोकांमधले, मायल्स फ्रँकलिन पुरस्कार दोनदा मिळालेले लेखक. गोष्ट आधी वडीलधाऱ्यांच्या हाती परत गेली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, दुरुस्त केली, पुन्हा सांगितली. घरातल्याच माणसांनी चित्रं काढली. मग ती आप्तांमध्ये फिरली, मग त्या भागातल्या शाळांत गेली. ‘मामंग’ हे देवमाशाच्या पोटातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या गोष्टीचं पुस्तक छापून दुकानात आलं २०११ मध्ये, म्हणजे सगळ्यात शेवटी. आधी घर, मग गोतावळा, मग शाळा, मग जग: वर्तुळं अशी बाहेर बाहेर वाढत गेली. तुम्ही ग्रंथालयात जी संध्याकाळ करू पाहताय ती सगळ्यात बाहेरच्या वर्तुळातली आहे. बाहेरच्या वर्तुळातल्यांनी यायलाच हवं, फक्त आतल्यांनी बोलावल्यावर.

या कामाची एक बैठक कशी चालते ते सांगते, कारण ‘गोष्टीतून भाषा परत येते’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं पण प्रत्यक्षात काय होतं ते कुणी लिहीत नाही. टेबलावर जुन्या टिपणाची मोठी केलेली प्रत असते. ध्वनिलिपी माझ्यासारख्या माणसाला वाचता येते, वडीलधाऱ्यांना येत नाही. म्हणून मी एक ओळ हळू वाचते, भावना न घालता, नुसते ध्वनी. पहिल्यांदा शांतता असते. दुसऱ्यांदा वाचल्यावर एखादे आजोबा मान हलवतात आणि त्यातला एकच शब्द वेगळ्या लांबीनं म्हणतात, स्वर जास्त ओढून. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणतात, आमच्याकडे तो शेवटचा आवाज ऐकूच यायचा नाही. मग दोघं मिळून अख्खी ओळ म्हणतात आणि त्या क्षणी कागदावरच्या ओळीला चाल मिळते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे हसायचं हे कागदावर कधीच नव्हतं. मग ती ओळ टेबलाभोवती फिरते, प्रत्येक जण म्हणतो, लहान मुलंही. तासाभरात कधी चार ओळी होतात, कधी एकच. कधी कुणाला वडिलांची आठवण येऊन रडू येतं आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं. तेव्हा घाई करायची नाही, वही मिटायची, चहा करायचा.

हे पाहिल्यावर तुम्हाला कळेल की मी ‘आधी कोणाच्या तोंडून’ यावर एवढी का अडून बसते. एखाद्या घरानं आपली गोष्ट अजून नीट म्हणून पाहिलेली नसताना बाहेरच्या माणसांनी पुस्तकावरून ती सफाईनं सांगितली, तर त्या घरातल्या माणसाला काय वाटेल? ज्यांच्याकडून भाषा हिसकावली गेली त्यांनाच आपल्या भाषेची लाज वाटावी, अशी वेळ येते. असं मी पाहिलेलं आहे. सभागृहात बाहेरची मुलं घडाघडा शब्द म्हणत होती आणि मागच्या रांगेत एक नूंगार तरुणी मान खाली घालून बसली होती. त्या मुलांचा काहीच दोष नव्हता. आयोजकांनी क्रम उलटा केला होता.

आता तुमचा पहिला प्रश्न, याने भाषेला मदत होते का. ‘होते’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण ते कशावर अवलंबून आहे ते आधी सांगावं लागेल.

गोष्ट इंग्रजीत किंवा मराठीत सांगितली आणि त्यात कांगारूला ‘योंगा’, कावळ्याला ‘वार्डोंग’ म्हटलं, तर मुलांना ओळख होते, आदर वाटतो. त्याचं मोल आहे. पण त्याला भाषेचं पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. सुटी नामं कोणत्याही भाषेत उचलून ठेवता येतात. इंग्रजीनं ‘जाराह’, ‘कॅरी’ ही झाडांची आणि ‘क्वोका’ हे प्राण्याचं नाव नूंगारमधून कधीच उचललं, त्यानं नूंगार वाचली नाही. भाषा असते ती क्रियापदांत, प्रत्ययांत, ‘मग’, ‘तेव्हा’, ‘तिकडून’ अशा जोडणीच्या शब्दांत. आणि ते सगळं एका जागी, अर्थासकट मिळतं ते गोष्टीत.

विर्लोमिन प्रकल्पाच्या २०१३ मधल्या एका पुस्तकाचं नावच घ्या: ‘यिरा बूर्नाक न्यिनिन्य’. ‘यिरा’ म्हणजे वर, ‘बूर्न’ म्हणजे झाड, त्याला ‘-अक’ लागला की झाडावर, आणि ‘न्यिनिन्य’ म्हणजे बसलेला आहे. मराठी माणसाला हे किती ओळखीचं वाटतं बघा. इंग्रजीसारखा अव्यय आधी न येता प्रत्यय मागून लागतो आणि क्रियापद बहुधा शेवटी येतं. एखादा माणूस झाडावर अडकून बसलाय ही गोष्ट ऐकताना मूल ‘बूर्नाक’ दहा वेळा ऐकतं. मग तुम्ही त्याला नवा शब्द दिलात की ते तोच ‘-अक’ स्वतःहून लावतं. शब्दांच्या तक्त्यातून हे कधीच होत नाही.

आणखी एक नमुना देते, मला फार आवडणारा. नूंगारच्या जुन्या व्याकरण-वर्णनांत ‘आम्ही दोघं’ या अर्थाची वेगवेगळी सर्वनामं नोंदलेली आहेत. ते दोघं भावंडं किंवा मित्र असतील तर एक, आई-मूल किंवा बाप-मूल असतील तर दुसरं, नवरा-बायको असतील तर तिसरं. म्हणजे गोष्टीत ‘आम्ही दोघं नदीकडे निघालो’ एवढंच वाक्य आलं तरी ऐकणाऱ्याला नातं कळतं. इंग्रजीत ती गोष्ट सांगितली की हे नातं गळून पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शब्दकोशात ही तीन सर्वनामं तीन ओळींत येतात आणि विसरली जातात. गोष्टीत मात्र सांगणाऱ्या आजी एका नातवाकडे बोट दाखवून एक वापरतात, नवऱ्याकडे बघून दुसरं, आणि मुलं खिदळतात. ती पुन्हा विसरत नाहीत.

म्हणून गोष्ट ‘एकदा ऐकवली’ याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. तीच गोष्ट परत परत सांगितली जाते का, हे मी बघते. आमच्याकडे जे गट चांगलं काम करतात ते साधारण असं करतात. पहिल्यांदा गोष्ट हावभाव आणि चित्रांच्या आधारानं, बरीचशी इंग्रजीत, पण एक वाक्य पूर्ण नूंगारमध्ये, जे गोष्टीत सारखं येतं आणि सगळे मिळून म्हणतात. पुढच्या वेळी सगळी क्रियापदं नूंगारमध्ये. त्यानंतर संवाद. मग मुलं पात्रं वाटून घेतात. काही महिन्यांनी इंग्रजी जवळजवळ गळून गेलेली असते आणि गोष्ट सगळ्यांना पाठ असल्यामुळे कुणीही हरवत नाही. गाणं असेल तर ते सगळ्यांत आधी पक्कं होतं. मोठ्या माणसांच्या स्मृतीतसुद्धा बहुधा गाणंच शेवटपर्यंत टिकलेलं असतं.

आणि एवढं करूनही केवळ गोष्टींनी भाषा उभी राहील असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांना रोज वापरायला भाषा हवी असते. त्यासाठी इथे वेगळे रस्ते निघाले आहेत. २०२० च्या पर्थ महोत्सवात यिरा याकिन या नाट्यसंस्थेनं शेक्सपिअरच्या मॅकबेथवर बेतलेलं ‘हेकट’ पूर्णपणे नूंगारमध्ये केलं. नटांना त्यासाठी तालमीत भाषा अंगात भिनवावी लागली. पुढच्याच वर्षी ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’चं नूंगार डबिंग झालं. कुलबर्डी म्हणजे मॅगपाय आणि वार्डोंग म्हणजे कावळा यांच्या गोष्टीवर नूंगारमध्ये ऑपेरा झाला. जुनी गोष्ट मुळाशी घट्ट असेल तर भाषेला असं बिनधास्त हुंदडता येतं. भाषा नुसती पूर्वजांची ठेव म्हणून काचेत ठेवली तर तरुण पोरं तिच्याकडे फिरकत नाहीत, हे मी जवळून बघितलंय.

स्पेलिंगचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण त्यात अनेकांचा वेळ जातो. तुम्ही पाहिलेली सगळी स्पेलिंगं बहुतेक बरोबरच असतील. खुद्द ‘नूंगार’ हे नाव चार-पाच प्रकारे लिहितात. याची दोन कारणं आहेत. एक, बोली वेगळ्या आहेत. पाण्याला दक्षिणेकडे ‘केप’ म्हणतात, पर्थकडे ‘गाबी’ ऐकू येतं. दोन, या भाषेत क आणि ग, प आणि ब यांची अदलाबदल झाली तरी अर्थ बदलत नाही. त्यामुळे एका इंग्रज लिहिणाऱ्याला जिथे ‘बी’ ऐकू आला तिथे दुसऱ्याला ‘पी’. तुम्ही ज्या आजींना बोलावणार आहात त्या जसं लिहितात तसंच तुमच्या पत्रकावर लिहा. एका कार्यक्रमात एकच पद्धत. याउपर वाद घालू नका, तो वाद आपला नाही.

उच्चारात मात्र मराठी मुलांना खरीखुरी मदत आहे. नूंगारमध्ये आपल्या ण आणि ळ च्या जवळचे ध्वनी आहेत. रोमनमध्ये ते ‘आर-एन’ आणि ‘आर-एल’ असे जोडून लिहितात. म्हणून वर मी ‘बूर्न’ लिहिलं तरी तो उच्चार ‘बूण’च्या जवळ जातो, आणि आगीच्या शब्दात, जो कुणी ‘कार्ल’ लिहितं, कुणी ‘काला’, शेवटी आपला ळ असतो. इंग्रजी घरातल्या मुलांची जीभ इथे अडखळते, तुमच्या मुलीची अडखळणार नाही. आपल्याला कठीण जातो तो शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ. आपल्याकडे तो ‘वाङ्मय’मध्ये, ‘अंगण’मध्ये असा मध्येच भेटतो. ‘अंगण’ म्हणताना ङ वर थांबा, पुढचं सोडा, मग सुरुवातीचा ‘अ’ही सोडून थेट ङ पासून सुरुवात करा. मुलं दोन मिनिटांत शिकतात. फक्त एक लक्षात ठेवा. आज अनेक नूंगार माणसं इंग्रजी वळणाचा र वापरून हे शब्द म्हणतात. तीही त्यांचीच भाषा आहे. आपल्या मुलांनी किंवा आपण त्यांना दुरुस्त करायचं नाही.

ॲप आणि शब्दकोश यांच्याबद्दल थोडक्यात. दोन्ही लागतात. १९९२ मध्ये बनबरीहून निघालेला नूंगार शब्दकोश आजही लोक उघडतात, आणि कर्टिन विद्यापीठानं नूंगार भाषा-संस्कृतीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही काढला होता. तुम्ही स्वतः अशा एखाद्या अभ्यासक्रमापासून सुरुवात केलीत तर उत्तम. पण ही साधनं भाषा येणाऱ्याला किंवा शिकायचं ठरवलेल्याला कामाची आहेत. शिकावंसं वाटणं माणसांमधून येतं. तुमच्या मुलीनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं ते आजींमुळे, तक्त्यामुळे नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आमच्या मुलांचंही मराठी असंच सुटत चाललंय, म्हणून त्यांचं दुःख कळतं.’ भावना खरी आहे, पण व्यासपीठावरून हे बोलू नका. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त होते. तुमच्या मुलीचं मराठी कच्चं राहिलं तरी ती पुण्याला किंवा लातूरला आजोळी गेली की भाषा तिथे आहे, शाळा आहेत, नाटकं आहेत, वर्तमानपत्र आहे. शिवाय आपण इथे स्वतःच्या इच्छेनं आलो. नूंगार मुलाला परत जायला दुसरा मुलूख नाही, हाच त्याचा मुलूख. साम्य दाखवायचं असेल तर ते वेगळ्या जागी आहे, ते खाली सांगते.

तर आता प्रत्यक्षात काय करायचं.

इंटरनेटवरच्या गोष्टी मराठीत आणण्याचं काम आत्ता थांबवा. त्यातल्या काही कोणी, कधी, कोणाच्या परवानगीनं टाकल्या हे कळायला मार्ग नसतो. काही गोष्टी विशिष्ट घराण्यांच्या, काही विशिष्ट जागांच्या असतात, आणि एका मुलुखाची गोष्ट दुसऱ्याच्या मुलुखात सांगणं काहींना खटकतं. तुम्ही वाजुक भूमीवर आहात, म्हणून पहिली चौकशी वाजुक वडीलधाऱ्यांकडे व्हायला हवी. ते सापडतात कसे? मुलीच्या शाळेत आलेल्या आजींना शाळेमार्फत निरोप द्या. ते जमलं नाही तर तुमच्या नगरपरिषदेत आदिवासी समाजाशी संपर्क ठेवणारे अधिकारी असतात का ते विचारा, किंवा नूंगार बूजा भाषा केंद्राला लिहा. ‘आंटी’ किंवा ‘अंकल’ ही इथली आदराची संबोधनं आहेत, पण त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी तसं म्हटल्यावरच वापरा. पहिल्या पत्रात पूर्ण नाव लिहा.

मानधन ठरवा आणि ते पहिल्याच पत्रात आकड्यासकट लिहा. मराठी मंडळांत कलाकाराला शाल-श्रीफळ देऊन भागवायची सवय आहे. इथे तसं करू नका. त्या आजी ज्ञान द्यायला येतात, त्यांना वकिलाला किंवा डॉक्टरला देतो तशा निश्चित रकमेनं पैसे द्या, येण्याजाण्याची सोय करा, सोबत येणाऱ्या नातवालाही जेवण सांगा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्यांनी भूमीच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत (‘वेलकम टू कंट्री’) करावं असं वाटत असेल तर ते वेगळं काम आहे, त्याचं मानधन वेगळं.

गोष्टीची निवड त्यांच्यावर सोडा. त्या म्हणाल्या, मी फक्त दहा मिनिटं बोलेन, तर दहाच मिनिटं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं का हे आधी विचारा आणि उत्तर ‘नको’ असेल तर सूत्रसंचालकानं सुरुवातीलाच पालकांना तसं स्पष्ट सांगावं. आपल्या कार्यक्रमांत निम्मे पालक उभे राहून शूट करत असतात, म्हणून हे सांगते. दिवंगत माणसांची नावं आणि फोटो यांबाबतही अनेक कुटुंबं हळवी असतात. पत्रकावर कुणाचं नाव किंवा चित्र टाकण्याआधी विचारून घ्या. आणि एकदा मिळालेली परवानगी त्या एका संध्याकाळपुरती धरा. पुढच्या वर्षी तीच गोष्ट मुलांकडून बसवून घ्यायची असेल तर पुन्हा विचारा.

आजी येण्याआधीचा अर्धा तास तुम्हाला स्वतः भरायचा असेल तर सहा ऋतू घ्या. नूंगार वर्षात दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू आहेत: बिरक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कम्बरांग. हे इथल्या शाळांत, उद्यानांत उघडपणे शिकवलं जातं, त्यामुळे संकोच नको. आपल्याकडेही वसंत ते शिशिर असे सहाच, आणि तेही दोन-दोन महिन्यांचे. हे ते साम्य. मुलांना दोन वर्तुळं कागदावर काढायला द्या. फक्त नुसती नावं पाठ करून घेऊ नका. मकुरू म्हणजे जून-जुलैचा थंडी-पावसाचा काळ, त्या वेळी आपल्या अंगणात, रस्त्यावरच्या झाडांवर काय दिसतं ते मुलांना लिहायला सांगा. गोष्ट ऐकण्याआधी ती जमीन मुलांच्या डोळ्यांसमोर असली की गोष्ट वेगळी ऐकू येते.

आणि भारतातून आलेले आजी-आजोबा तुमच्याकडे नक्की असतील. त्यांच्यापैकी एकाला मराठीत एक छोटी गोष्ट तयार ठेवायला सांगा, भाषांतर न करता सांगायची. नूंगार आजींना हवं असेल तरच ती सांगायची, तेही त्यांच्या गोष्टीनंतर. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्यांना हवं असतं. सगळा वेळ फक्त आपणच द्यायचं आणि समोरच्यांनी घ्यायचं, याचा त्यांनाही कंटाळा येतो. दुसऱ्या कुणाची आजी तिच्या भाषेत बोलताना ऐकायला त्यांना आवडतं. भाषा कळली नाही तरी गोष्टीतलं बरंच काही कळतं, आणि तुमची मुलं हे स्वतः बघतील.

तारखेचं शेवटचं. २७ मे ते ३ जून हा सलोखा सप्ताह (रिकन्सिलिएशन वीक) आणि जुलैतला आदिवासी संस्कृतीचा नायडॉक सप्ताह या दिवसांत प्रत्येक शाळा, ऑफिस, बँक नूंगार वडीलधाऱ्यांना बोलावत असते. ती माणसं दमून जातात आणि बाकीचे महिने फोन वाजत नाही. तुम्ही ऑगस्टनंतरची तारीख विचारा, जिल्बा किंवा कम्बरांगमधली, निदान तीन महिने आधी. पत्र लहान ठेवा: मुलं किती आणि कोणत्या वयाची, जागा कोणती, बसायला काय सोय, मानधन किती, आणि यावर्षी जमलं तर पुढेही दर ऋतूला एकदा बोलवायची आमची तयारी आहे, हे वाक्य जरूर घाला. मात्र मंडळाच्या बैठकीत ते आधी मंजूर करून घ्या, कारण एकदा लिहिलंत की पाळावं लागेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ईमेलवर ईमेल पाठवू नका, फोन करा. कुणाच्या घरी मयत असेल तर काही आठवडे सगळं थांबलेलं असतं. तेव्हा ‘सावकाश कळवा’ एवढंच म्हणा आणि तारीख पुढे ढकला.